चार कॉर्पोरल, एक शिक्षिका
१७ मार्च १९१५. फ्रान्समधील सुइप येथे चार फ्रेंच कॉर्पोरलना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. सुएँजवळ १० मार्चला हल्ल्याचा हुकूम सुटला, पण मशीनगनच्या माऱ्यापुढे त्यांची कंपनी खंदकाबाहेर पडली नाही, एवढाच गुन्हा.

चौघांपैकी तेओफिल मोपाची पत्नी ब्लांश शाळेत शिकवत असे. या बाईची चिकाटी विसरता येत नाही. नकारामागून नकार पचवत ती लढली आणि ३ मार्च १९३४ रोजी विशेष न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरवले. या न्यायपीठावर स्वतः युद्ध लढलेले माजी सैनिकही होते, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. खंदकातल्या त्या क्षणाचा निवाडा खंदक पाहिलेल्यांनी केला.  भरपाई मिळाली प्रतीकात्मक एक फ्रँक. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या जनरलवर मात्र खटला चालला नाही.