विसरलेल्याची मोजदाद

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा भरली, की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'सुट्टीत सगळं धुऊन गेलं!' एकोणिसाचा पाढा, इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे, मूलद्रव्यांच्या संज्ञा, जे मार्चमध्ये घडाघडा येत होते ते आता विचारले तर वर्ग गप्प. मग आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मुलेही मनाशी समजून चालतात, की आपल्याला काहीच येत नाही. पण जे आठवत नाही, ते खरोखरच पुसले गेलेले असते का? हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या चर्चेतून उचलून प्रथम मोजमापाच्या कक्षेत आणला तो हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने.

न आठवणारे मोजायचे कसे?

एबिंगहाउसचा जन्म १८५० साली बार्मेन या गावी झाला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावर काही वर्षे त्याने इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या करून काढली. सांगतात, की पॅरिसमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला फेख्नर या शास्त्रज्ञाचे १८६० साली निघालेले पुस्तक सापडले. उजेड, आवाज, वजन यांची माणसाला होणारी जाणीव आकड्यांत कशी मांडता येते, हे फेख्नरने त्यात दाखवले होते. एबिंगहाउसने विचार केला, जाणीव मोजता येते, तर स्मरण का मोजता येऊ नये?

अडचण अशी होती, की 'आठवते का?' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरे मिळतात. 'नाही' म्हटले की शून्य. एबिंगहाउसने प्रश्नच बदलला. आठवते का हे न विचारता तो तीच गोष्ट पुन्हा पाठ करायला घेई आणि या खेपेला किती वेळ वाचला ते पाही. समजा, एक यादी पहिल्यांदा पाठ व्हायला १००० सेकंद लागले. महिन्याने त्यातले काहीच आठवत नाही, पण पुन्हा पाठ करायला ८०० सेकंद पुरले. म्हणजे २०० सेकंद, अर्थात २० टक्के, वाचले. ही बचत म्हणजेच डोक्यात उरलेला, पण हाक मारल्यावर 'ओ' न देणारा भाग.

पाठ करायला त्याने मुद्दाम निरर्थक शब्दावयव घेतले. ओळखीच्या शब्दांना आधीचे धागेदोरे चिकटलेले असतात, ते नकोत म्हणून. व्यंजन-स्वर-व्यंजन अशा जुळणीचे सुमारे २३०० अवयव त्याने तयार केले. आपल्याकडे 'गेप', 'टुझ', 'नोफ' म्हणावे तसे. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग तोही तोच. १८७९-८० आणि पुन्हा १८८३-८४ या वर्षांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लयीत त्याने या याद्या पाठ केल्या आणि १८८५ साली 'स्मृतीविषयी' या छोट्या पुस्तकात निष्कर्ष मांडले.

घसरण आणि पठार

त्याला मिळालेली बचत अशी होती : वीस मिनिटांनी ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. २०१५ साली मुरे आणि ड्रॉस या दोघांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये हाच प्रयोग एका व्यक्तीवर पुन्हा करून पाहिला, तेव्हा आलेख बराचसा तसाच निघाला.

या आकड्यांतून सहसा एवढेच सांगितले जाते, की माणूस किती भराभर विसरतो. ते खरेच आहे. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक जाते. पण आकड्यांचे शेपूटही पाहायला हवे. सहाव्या दिवसापासून एकतिसाव्यापर्यंत जवळजवळ चार आठवडे गेले, तरी घट फक्त चार टक्क्यांची! निरर्थक अवयवांचीही ही कथा, मग अर्थ असलेल्या धड्याचे काय?

दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा. बारा अवयवांची यादी आदल्या दिवशी एका बैठकीत ६८ वेळा घोकून जो परिणाम साधला, तोच आधीच्या तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. अंतर ठेवून केलेली उजळणी म्हणजे कमी कष्टांत तेवढाच लाभ.

वर्षानुवर्षांच्या खंडानंतर

एक महिना ठीक. पण वर्षे लोटली तर? एबिंगहाउसने बायरनच्या 'डॉन जुआन' या दीर्घकाव्यातील कडवीही पाठ केली होती. बावीस वर्षांनी त्याने ती पुन्हा पाठ करायला घेतली. तेवढ्याच लांबीच्या नव्या कडव्यांशी तुलना केल्यावर बचत भरली सुमारे ७ टक्के. थोडीच, पण शून्य नव्हे.

अमेरिकेत बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याहून विलक्षण प्रयोग केला. आपल्या मुलाला सव्वा वर्षाचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत तो सॉफोक्लीसच्या नाटकातले उतारे मूळ ग्रीक भाषेत वाचून दाखवी. बाळाला त्यातले अक्षरही कळत नव्हते. साडेआठाव्या वर्षी त्यातले काही उतारे मुलाकडून पाठ करून घेतले. नव्या उताऱ्यांना सरासरी ४३५ आवर्तने लागली, बाळपणी कानावर पडलेल्यांना ३१७. चौदाव्या वर्षी मात्र हा फायदा अगदी थोडा उरला आणि अठराव्या वर्षी जवळपास नाहीसा झाला. म्हणजे ठेव कायमची असतेच असे नाही. अर्थ न कळता आलेली आणि मध्ये कधीच न उजळलेली ठेव हळूहळू आटते.

याच्या उलट चित्र बाहरिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली मांडले. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची त्याने परीक्षा घेतली. काहींना ती भाषा सोडून पन्नास वर्षे झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण झाली, पण नंतर सुमारे तीस वर्षे ज्ञान जवळजवळ स्थिर राहिले. ज्यांनी अधिक काळ आणि चांगले शिकून घेतले होते, त्यांचे हे पठार अधिक उंचीवर होते.

पत्त्यांची पेटी

अंतर ठेवून उजळणी करण्याची सोपी तजवीज १९७२ साली सेबास्टियन लाइटनर याने आपल्या जर्मन पुस्तकात सांगितली. कागदाच्या पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आणि पाच कप्प्यांची पेटी. उत्तर आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकले तर पहिल्या. पुढचे कप्पे क्रमाने अधिक दिवसांनी उघडायचे. १९८७ साली पोलंडमधल्या वोझ्नियाक या विद्यार्थ्याने हेच काम संगणकावर आणले. आज असे कार्यक्रम मोबाइलवरही मिळतात.

या पद्धतीचा खरा शत्रू म्हणजे खंड. परीक्षा, आजारपण, लग्नकार्य काहीतरी येते आणि पेटी माळ्यावर जाते. सहा महिन्यांनी उघडावी, तर उजळणीची तारीख टळून गेलेल्या पत्त्यांचा ढीग समोर. मग 'सगळे विसरलोच आहोत, नव्याने करू' म्हणून पेटी रिकामी केली जाते किंवा पुन्हा माळ्यावर जाते. एबिंगहाउसचे आकडे दोन्ही गोष्टी करू नका असे सांगतात. पत्ते रोज थोडेथोडे तपासावेत. एवढ्या खंडानंतरही जो आला, तो पक्का आहे. त्याला आणखी लांबचा कप्पा द्यावा. जो चुकला तो पहिल्या कप्प्यात ठेवावा, पण तो नवा समजू नये. नव्यापेक्षा तो बहुधा लवकर पक्का होईल.

वर्गात करून पाहा

जूनमध्ये मागच्या वर्षी पाठ झालेले, पण आता न आठवणारे दहा इंग्रजी शब्द घ्या. तेवढ्याच अवघडपणाचे दहा अगदी नवे शब्द घ्या. दोन्ही याद्या बिनचूक होईपर्यंत किती वाचने लागली, ते मुलांनी स्वतः मोजून वहीत लिहावे. निम्म्या मुलांनी जुनी यादी आधी घ्यावी, निम्म्यांनी नवी, म्हणजे कंटाळ्याचा परिणाम एकाच यादीवर होणार नाही. वर्गाची सरासरी काढून फळ्यावर मांडावी.

वाचलेली आवर्तने मुलांना दिसली, की 'मला काहीच येत नाही' हे वाक्य त्यांना स्वतःच तपासता येते. आणि जूनमध्ये पहिल्याच दिवशी 'आठवतं का?' असे विचारून ज्याला आपण शून्य गुण देतो, त्याला आठवडाभराने 'किती लवकर परत आलं?' असेही विचारायला हवे, हे आपल्यालाही पटते.