अर्ज दुसऱ्याच्या हातचा

ठाण्याला 1901 साली वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले आणि पुढे ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मुंबईपासून भिवंडीपर्यंत शिवीसारखे तोंडी बसले. भिवंडीहून खाडी ओलांडली की ठाणे येते, पण इस्पितळाच्या दारापर्यंतची वाट कागदांतून जात होती. त्या कागदांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. मनोरुग्णाबद्दल दुसऱ्यांनी किती लिहावे, कोणत्या नमुन्यात लिहावे, हे कायद्याने बारकाईने ठरवले. रुग्णाला स्वतःला लिहिता येते का, लिहिताना त्याला काय अडते, हा प्रश्न मात्र फार उशिरापर्यंत कोणाला पडला नाही. आजाराने आणि औषधाने हात अडखळणे हा त्याच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि तो तसाच हाताळला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

1858 साली वेडेपणाविषयी तीन कायदे एकदम आले. त्यांतला पस्तिसाव्या क्रमांकाचा मुफसलातल्या, म्हणजे भिवंडीसारख्या गावातल्या वेड्याच्या मालमत्तेबद्दल होता आणि छत्तिसावा इस्पितळांबद्दल. 1912 च्या कायद्याने रीत पक्की केली. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. दाखल्याच्या छापील नमुन्यात दोन रकाने होते: एकात डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणे, दुसऱ्यात इतरांनी त्याच्या कानावर घातलेली. ज्याच्याविषयी हे सारे भरायचे, त्याने स्वतः काही लिहावे अशी जागा त्या दाखल्यात नव्हती. त्याआधीचा करार कायदा मात्र अधिक समजूतदार होता. 1872 च्या त्या कायद्याच्या बाराव्या कलमाखालचे उदाहरणच सांगते, की इस्पितळातला रुग्ण मधूनमधून शुद्धीवर असेल तर त्या काळात तो करार करू शकतो. म्हणजे त्याच्या सहीला मोल होते. पण ती सही होते कशी, हे कायद्याने पाहिले नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याने तर दस्त करणारा वेडा ‘दिसला’ तर नोंदणी नाकारण्याचे बंधन दुय्यम निबंधकावर घातले, आणि थरथरणारा हात पाहून कोणाला काय दिसेल हे सांगता येत नाही.

वैद्यकाने ह्या हाताकडे पाहिले, पण मोजण्यापुरते. क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरचे औषध 1952 मध्ये वापरात आले आणि त्यासोबत स्नायूंचा ताठरपणा आला. जर्मनीत हान्स-योआखिम हासे ह्या डॉक्टरने हस्ताक्षराचीच कसोटी केली. रुग्णाकडून तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचा, आणि ओळी आखडू लागल्या, अक्षर बारीक होऊ लागले की औषधाची मात्रा पुरेशी झाली असे समजायचे. अक्षराचे बारीक होणे हा औषधाचा पुरावा ठरला. त्याच अक्षरात त्या माणसाला घरी पत्र लिहायचे असेल, हे कसोटीच्या बाहेर राहिले. लिथियम ह्या औषधाने हात कापतो. नैराश्यात वाक्य सुरू होते आणि पुढचा शब्दच येत नाही, चार ओळींच्या अर्जाला दुपार पुरत नाही. स्किझोफ्रेनियात विचाराचा धागा मध्येच तुटतो. ह्यांतले काहीही आळस नाही, काहीही अडाणीपणा नाही. लिहिताना हाताला गोळा येण्याच्या विकाराचेच पाहा. कारकुनांच्या ह्या दुखण्याला कित्येक वर्षे मनाचा खेळ म्हणत. 1982 च्या सुमारास मेंदूशास्त्रज्ञांनी त्याला स्नायूंच्या नियंत्रणाचा विकार ठरवले, तेव्हा कुठे त्या माणसांवरचा संशय हटू लागला.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने चित्र उलटवले. प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधीच लेखी सांगून ठेवण्याचा हक्क मिळाला. आपला प्रतिनिधी साध्या कागदावर, सही करून किंवा अंगठा उठवून नेमता येतो. ही फार मोठी गोष्ट आहे. कोणी म्हणेल, अंगठा चालतो तर अडचण कसली? भिवंडीत तरी असे म्हणून चालणार नाही. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर इथे आले, पुढे यंत्रमाग आले, तेलंगणातले पद्मशाली आले. एकाच कारखान्यात जॉबर, कांडीवाला आणि मागावरचा कामगार वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि वेगवेगळ्या लिपी वाचतात, किंवा वाचतच नाहीत. ताक्यावर मजुरी मिळवणाऱ्या माणसाचा अंगठा ज्या कागदावर पडतो तो कागद लिहितो दुसराच, बहुधा त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. अंगठ्याने त्याचे म्हणणे कागदावर येत नाही, कागदावर आलेल्या म्हणण्याला फक्त त्याची खूण मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मनोरुग्णासाठी दुसऱ्याने लिहायची मुभा दिली, तर माग, खोली, गावाकडची जमीन नातेवाइकांच्या नावावर जायला वेळ लागणार नाही. ही भीती खरी आहे आणि कोर्टकचेऱ्यांनी ती पाहिलेली आहे. पण गैरवापराची भीती मदत नाकारायला पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग ह्या खटल्यात दाखवून दिले आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते, तरी लेखनिक मिळणे हा त्याचा हक्क ठरला. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी नियमावलीही काढली. ती परीक्षांपुरती होती. परीक्षेच्या पेपरासाठी लेखनिक मिळतो, मग स्वतःच्या उपचारांविषयीच्या कागदासाठी तो का मिळू नये? मालमत्तेच्या दस्ताला कडक पहारा असू द्या. उपचारांच्या इच्छापत्रासाठी मात्र नात्याबाहेरचा लेखनिक, रुग्णाच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणे आणि हात स्थिर असेल त्या दिवशी पुन्हा बसण्याची सवड, एवढे ठाण्याच्या इस्पितळात आणि भिवंडीच्या उपजिल्हा रुग्णालयात करता येण्यासारखे आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.