मुद्रा, निशाणी आणि मोजणीदाराची सही

शिक्का म्हटले की आपल्याला कचेरीतले मेज, निळ्या शाईचे पॅड आणि नेमका त्याच वेळी चहाला गेलेला कारकून आठवतो. पण या चिमूटभर शाईवर माणसांची घरे आणि जमिनी उभ्या असतात. मोशीहून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या वाटेला लागावे आणि कुरुळीचे शिवार पाहावे. शेताशेजारी कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या तशी बांधाची किंमत वाढली. येथे हद्द हातभर सरकली तर सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. तेव्हा नकाशावर सही कोणाची, आणि ती करणाऱ्याने काय पाहिले, हा प्रश्न पोटापाण्याचा आहे.

आपल्या मुलखात हा प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा 1646 च्या पत्रावर दिसते. तिचे कौतुक आपण पुष्कळ करतो. पण पत्राच्या अखेरीस उमटणाऱ्या लहान शिक्क्याकडे, मोर्तबाकडे, आपले लक्ष जात नाही. लेखनाची मर्यादा येथे झाली, एवढेच तो सांगतो. त्याच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती सरकारची नव्हे. लांब कागद जोडून केलेला असला तर जोडाच्या सांध्यावरही शिक्का पडे, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवण्याची सोय उरत नसे. लबाडी कोठून शिरते याचा विचार करूनच हे नियम बसवलेले होते.

राज्याभिषेकानंतरच्या कानुजाबत्यात सचिवाला दिलेले काम मला याहून मोलाचे वाटते. राजपत्र तपासावे, अक्षर अधिकउणे असेल ते शुद्ध करावे, आणि मग आपले चिन्ह करावे. आधी शोध, मागाहून चिन्ह! हा क्रम उलटला की शिक्क्याचे नुसते लाकूड उरते.

पेशव्यांच्या मुद्रेत शाहू राजाचे नाव आधी येई व पेशव्याचे मागाहून. अधिकार माझ्या घरचा नाही, तो मला दिलेला आहे, अशी ती कबुली होती. आजच्या परवानाधारक अभियंत्याच्या शिक्क्यात नावाखाली परवाना क्रमांक असतो, त्याचे प्रयोजन हेच. बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे नकाशावर मालकाची सही लागते, आणि वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही नाव, पत्ता व परवाना क्रमांकासह लागते.

गावाकडे तर अक्षरओळख नसलेला माणूसही जबाबदारीतून सुटत नसे. महजरावर पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी, कुंभार चाकाची, न्हावी आरशाची. ज्या हत्याराने पोट भरायचे, तेच साक्षीला ठेवायचे. पुढे आपण सगळ्यांना अंगठा दिला. सोय झाली खरी, पण अंगठ्याने माणूस ओळखतो, त्याचा धंदा ओळखत नाही.

आता मोजणीकडे वळू. शिवकाळी पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. इंग्रजी अमदानीत प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे प्रांताची पाहणी केली. पण हाताखालच्यांची मोजमापे व प्रतवारी इतकी अविश्वसनीय ठरली की तिच्यावर बसवलेला आकार रयतेला जड झाला आणि ती पाहणी सोडून द्यावी लागली. 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. त्यांची साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. या वेळी हाताखालच्याने केलेले काही नंबर वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून ताडायचे, असा शिरस्ता ठेवला गेला. सचिवाचा शोध म्हणावा तो हाच, फक्त वेष निराळा.

परवान्याची कल्पना मात्र अमेरिकेची म्हणावी लागते. वायोमिंग संस्थानात पाण्याच्या हक्कासाठी नकाशे दाखल होत, त्यांवर वकिलापासून वाटेल त्याने अभियंता म्हणून सही ठोकलेली असे. तेथील राज्य-अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन याने 1907 मध्ये अभियंते व मोजणीदार यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आणवला. तेथला तो असा पहिला. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा झाला. अभियंत्यांचे परवाने महापालिका आणि प्राधिकरणे देत आली. 2020 ची एकत्रित नियमावली मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू झाली, तिच्यातही या मंडळींची पात्रता ठरवून दिली आहे.

आणि तरी शिक्का भाड्याने देणारे महाभाग निघतातच. जागेवर पाऊल न टाकता, ठरलेल्या रकमेवर सही द्यायची! मला ही गोष्ट खोट्या शिक्क्यापेक्षा वाईट वाटते, कारण खोटा शिक्का पकडता येतो. हा खरा असतो आणि त्यामागे माणूस नसतो. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ विनापरवाना इमारत कोसळून 74 माणसे गेली. तेथे तर मंजुरीच्या सहीचाच पत्ता नव्हता. सही असून पाहणी नसेल तर खांबाच्या दृष्टीने फरक तो काय?

1 मे 2018 पासून सातबारा डिजिटल सहीने मिळू लागला. एक अक्षर बदलले तरी ही सही पडताळणीत टिकत नाही. मोर्तब आणि सांध्यावरचा शिक्का यांची कामे ती एकटी करते. पण मोजणीदाराने बांधावर जाऊन दगड पाहिला की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. मोजणी मान्य नसणाऱ्याला त्यासाठी भूमी अभिलेखाच्या कचेरीत निमताना मोजणीचा अर्ज करावा लागतो, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने त्याच शेतात पुन्हा उतरावे लागते.