टाकळघाटची परीक्षा

शाळेचे मोठेपण सांगताना आपण निकाल, बक्षिसे आणि विद्यार्थी मंडळे मोजतो. नागपुरातील एका जुन्या शाळेचा इतिहास मात्र तिच्या शिक्षकापासूनच वाचावा लागतो.

स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. ते मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शाळा उघडली. वर्गाबाहेरही त्यांचा अभ्यास थांबला नाही. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी टाकळीच्या परिसरातील लाव्हाच्या थरांमधून शंख, बिया व फळांचे जीवाश्म जमविले. गोंड बांधवांची भाषा व गीते टिपून ठेवली. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली.

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास ते रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत गेले होते. इतर मंडळी पुढे निघाली; हिस्लॉप गावच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. अंधारात एकटेच घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. वय अवघे ४५ वर्षांचे.

१८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव आजही चालवीत आहे. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण खेड्यातील मुलांसाठी मागे थांबणारा शिक्षक कोणाला परका वाटेल?

पालकहो, प्रगतिपुस्तकावर सही करताना गुण जरूर पाहा. त्याबरोबरच मुलाला एक प्रश्न विचारा: गुरुजींनी या वर्षी तुला नवे काय पाहावयास शिकविले?