परिकल्पना परीक्षण

नमुन्यातल्या आकड्यांच्या आधारे संपूर्ण समष्टीविषयीचे एखादे विधान कितपत टिकते, हे संभाव्यतेने तपासण्याची सांख्यिकीय पद्धत. समष्टीच्या सरासरीचा किंवा प्रमाणाचा अंदाज बांधणे हे अनुमानात्मक संख्याशास्त्राचे एक काम, तर विधानाची परीक्षा घेणे हे दुसरे.

ही कल्पना बरीच जुनी आहे. लंडनमध्ये सलग 82 वर्षे मुलींपेक्षा मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद जास्त होती. हे योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य, असे जॉन आर्बथनॉट यांनी 1710 मध्ये दाखवले. त्यांनी यात ईश्वरी योजना पाहिली. गणित बरोबर होते. मात्र योगायोग नाही म्हणजे ईश्वरच, ही उडी त्यांची स्वतःची.

पद्धतीचा गाभा रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात दिलेल्या उदाहरणातून चांगला कळतो. कपात आधी दूध ओतले की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असा एका बाईंचा दावा आहे. आठ कप तयार करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. ते यादृच्छिक क्रमाने त्यांच्यापुढे ठेवायचे आणि दूध आधी असलेले चार निवडायला सांगायचे. ‘बाईंना फरक कळत नाही’ ही येथे शून्य परिकल्पना. आठांतून चार कप निवडण्याचे प्रकार 70, त्यांतला पूर्ण बरोबर एकच; म्हणून निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता 1/70, म्हणजे सुमारे 1.4 टक्के. चारांपैकी निदान तीन बरोबर येण्याचे प्रकार मात्र 17. ही संभाव्यता 24 टक्क्यांवर जाते आणि तेवढे नशिबानेही जमते. थोडक्यात, आठच कप असतील तर बाईंना एकही चूक परवडत नाही. चुकीला वाव ठेवायचा तर कप वाढवावे लागतात, आणि तेही प्रयोगाआधी ठरवून.

शून्य परिकल्पना खरी धरली असता हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. ते ठरवलेल्या सार्थकता पातळीपेक्षा कमी आले तर परिकल्पना नाकारतात. रूढ झालेली 5 टक्क्यांची पातळी फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून वापरली. तिच्यामागे गणिती सक्ती नाही.

येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी 1933 मध्ये पर्यायी परिकल्पना आणि दोन प्रकारच्या चुकांना सिद्धांताच्या केंद्रस्थानी आणले : खरी शून्य परिकल्पना नाकारणे ही पहिली, खोटी न नाकारणे ही दुसरी. नमुना तेवढाच ठेवून एक चूक कमी केली की सहसा दुसरी वाढते. फिशर यांनी पुढे या मांडणीवर कडक टीका केली. पाठ्यपुस्तके मात्र दोन्ही विचार एकत्र कालवून शिकवतात, आणि विद्यार्थ्यांचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी लंडनमध्ये नेमन आणि पिअर्सन यांच्या वर्तुळात संशोधन केले आणि पुढे भारतात पीक उत्पादनाच्या नमुना पाहणीचे काम उभारले.

पी-मूल्य 0.03 आले म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता 3 टक्के, असा अर्थ सर्रास लावला जातो. तो चूक आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये त्याबद्दल जाहीर निवेदन काढले. शिवाय नमुना पुरेसा मोठा असेल तर व्यवहारात नगण्य असलेला फरकही ‘सार्थ’ ठरतो.