इम्युनोथेरपी सुरू असताना तोंडाची चव गेली तर

"सालनाला चवच नाही," म्हणत रुग्ण ताट बाजूला सारतो. खोट स्वयंपाकात नसते. कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीत असे होऊ शकते.

आपल्या रोगप्रतिकारक पेशींना एक ब्रेक असतो. कॅन्सर त्याचाच फायदा घेतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो ब्रेक सैल करतात. मग या पेशी कधीकधी निरोगी भागांवरही तुटून पडतात. लाळग्रंथींना इजा झाली की तोंड कोरडे पडते. गालाच्या आतून जाळीसारख्या पांढऱ्या रेषा, लाली किंवा फोड येतात. लाळ कमी झाली की चवही जाते. हा त्रास काही आठवड्यांनी, महिन्यांनी, अगदी इंजेक्शन थांबल्यावरही सुरू होऊ शकतो.

घरी काय करावे?

- एक कप कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरा. पाणी गिळू नका. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा.
- मऊ ब्रश वापरा. फोड असेपर्यंत मिसवाक नको. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी पूर्ण बंद.
- तोंडाची आग होत असेल तर मिरची, लिंबू, लोणचे, कढत चहा नको. पातळ खिचडी, दही, गार फिरनी, मऊ अंडे द्या.
- धातूसारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा घ्या. गोश्तचा वास नको वाटला तर डाळ, अंडी, पनीर चालेल.
- पाणी घोट-घोट पीत राहा.

डॉक्टरांना कधी सांगावे?

फोड आले, पांढरा थर दिसला किंवा खाणे-पिणे अवघड झाले तर लगेच सांगा. पुसल्यावर निघणारा थर बुरशीचा असू शकतो, त्याचे औषध वेगळे. कोरड्या तोंडासोबत खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. या औषधांमुळे क्वचित अचानक मधुमेह होतो.

इम्युनिटी वाढवणारे काढे, गोळ्या, कलौंजीचे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरात पडून असलेली स्टेरॉइडची गोळीही नको. ती लागेल का, किती, हे डॉक्टरच ठरवतील.

रमजानमध्ये आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे. डॉक्टर आणि आलिम, दोघांनाही विचारा.

इलाज बंद होईल या भीतीने काही जण त्रास लपवतात. उलट, त्रास सौम्य असतानाच सांगितला तर बहुतेकदा तोंडावर उपचार करत इंजेक्शन चालू ठेवता येते. म्हणून अम्मी-अब्बा "काही नाही" म्हणाले, तरी रोज एकदा त्यांचे तोंड उजेडात पाहा.