सातव्या दिवसापर्यंत

इजिप्तमध्ये बाळ सात दिवसांचं झालं की ‘सुबू’ करतात. बाळाच्या कानाशी पितळी खल दणादणा कुटतात, त्याला चाळणीत ठेवून हलवतात, घरभर मीठ उडवतात आणि आई बाळाला सात वेळा ओलांडते. एडवर्ड लेन या इंग्रजाने 1836 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कैरोतल्या घरांमधला हा खल आणि ही चाळणी नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई पुजतात, नाव मात्र बाराव्या दिवशी ठेवतात. त्यामागची, बाळ जगेल की नाही ही धास्ती नाईलकाठच्या आजीला समजावून सांगावी लागणार नाही.

ही धास्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात जन्मल्या दिवशीच बाळाचं भवितव्य ओळखण्याची रीत दिली आहे. रडताना ‘नी’ असा आवाज आला तर बाळ जगेल, ‘मेबी’ असा आला तर जाईल. बाळ कण्हत असेल तर तेही लक्षण वाईट. हे वाचून मी थबकले. प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणारं नवजात बाळ दिसलं की आजचे बालरोगतज्ज्ञही फुप्फुसांच्या काळजीने धावतात. त्या वैद्याच्या हाती उपाय नव्हता, पण कान तयार होता, आणि तो अनेक बाळं गेल्यावरच तयार होतो. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना 1889 मध्ये काहून इथल्या प्राचीन घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्यांत पुरलेली अर्भकं सापडली. राजघराणंही यातून सुटलं नाही. तुतानखामेनच्या कबरीत दोन चिमुकल्या ममी निघाल्या, दोन्ही मुलींच्या. त्यांचा जन्मच मृतावस्थेत किंवा दिवस भरण्याआधी झाला होता.

पण हे मृत्यू मोजत कोणीच नव्हतं. रोमन अमलात इजिप्तमध्ये दर 14 वर्षांनी घरोघर शिरगणती होई, तिचे शेकडो कागद आजही उपलब्ध आहेत. मात्र दोन शिरगणत्यांच्या मधे जन्मून गेलेल्या बाळाला त्या कागदांत जागाच नव्हती. नवजात मृत्यूचा माग काढताना ही अडचण पुढे थेट विसाव्या शतकापर्यंत पाठ सोडत नाही.

मोजणीची पहिली खरी खटपट इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या काळातली. त्याने बोलावलेल्या क्लो बे या फ्रेंच डॉक्टरने 1827 मध्ये अबू झाबल इथे वैद्यकीय शाळा काढली आणि 1832 मध्ये सुईणींची. कुळवंत घरांतून मुली मिळेनात, म्हणून सुरुवातीला बाजारातून विकत घेतलेल्या हबशी आणि सुदानी गुलाम मुलींना तिथे बसवलं. शिकून बाहेर पडलेल्या या ‘हकीमा’ बाळंतपणं करत, देवीची लस टोचत आणि जन्मांच्या नोंदीही ठेवत. स्वतःच्या जन्माची नोंद नसलेल्या, आई-बापांपासून तोडलेल्या मुलींनी दुसऱ्यांच्या लेकरांचे जन्म कागदावर आणले. इजिप्तच्या आरोग्याच्या इतिहासात त्यांना यापेक्षा कितीतरी मोठं स्थान मिळायला हवं होतं.

गावोगावची बाळंतपणं मात्र ‘दाया’ म्हणजे पारंपरिक सुईणच करत राहिली. लेनच्या वर्णनात ती बाळंतपणाची खास खुर्ची घेऊन घरी येते. खुर्चीवर शाल पांघरलेली, पाठीच्या वरच्या टोकांना मेंदीची किंवा गुलाबाची फुलं बांधलेली. घरच्या सगळ्यांचा तिच्यावर विश्वास असे आणि तिची माया खरी होती. धोका होता तो नाळ कापायच्या पात्यात आणि नाळेवर लावायच्या काजळात. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत आणि आठवड्याच्या आत-बाहेर दूध ओढणाऱ्या बाळाचा जबडा अचानक मिटे. सुबूच्या आसपासच्या दिवसांवर हा रोग टपून बसलेला असे.

सरकारी आकड्यांत या बाळांची दखल उशिराच घेतली गेली. जन्म नोंदवायला पंधरा दिवसांची मुदत. त्याआधी बाळ दगावलं की बाप ना जन्म नोंदवायला जाई, ना मृत्यू. त्यामुळे कागदोपत्री विचित्र चित्र दिसे: दवाखाने असलेल्या कैरोत अर्भकमृत्यू जास्त आणि दक्षिणेकडच्या गरीब सईदमध्ये कमी! कैरोत नोंद होत होती, एवढाच त्याचा अर्थ.

खरं चित्र दिसू लागलं ते 1988 पासून, घरोघरच्या पाहण्यांमुळे. सरकारी कचेरीतल्या वहीवर न विसंबता पाहणी करणाऱ्या बायका आईसमोर बसून एकेका बाळंतपणाबद्दल विचारू लागल्या. किती झाली, कोण गेलं, किती दिवसांचं होऊन गेलं. त्याच सुमाराला गरोदर बायकांना धनुर्वाताची लस टोचण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि 2007 मध्ये इजिप्तमधून माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत मोठा विजय. त्याआधी, 1983 पासून जलसंजीवनीचा प्रचार झाला होता; पडद्यावरची लाडकी आई करिमा मुख्तार टीव्हीवरून साखर-मिठाच्या पुडीचं महत्त्व पटवून देत असे. त्याने हगवणीने जाणारी मुलं वाचली, पण ती मुख्यतः महिन्यापेक्षा मोठी.

पाहण्यांचे आकडे असे: दर हजार जिवंत जन्मांमागे महिन्याच्या आत जाणारी बाळं 1995 मध्ये 30, 2000 मध्ये 24, 2005 मध्ये 20, 2008 मध्ये 16, 2014 मध्ये 14. वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांचा आकडा याच काळात 63 वरून 22 वर आला. म्हणजे मोठ्या अर्भकांचे मृत्यू झपाट्याने घटले, नवजातांचे रेंगाळत. पूर्वी अर्भकमृत्यूंत नवजातांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, तो दोन-तृतीयांशाच्या जवळ गेला.

आणि 2021 च्या पाहणीत नवजात मृत्यूंचा आकडा पुन्हा वाढून 18 वर गेला. पाहणीत थोडी चूकभूल असतेच, तरी आधीच्या वीस वर्षांचा उतार थांबला, हे नाकारता येत नाही. एव्हाना 97 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली होती; दायाचं पातं केव्हाच मागे पडलं. पण 2000 मध्ये दहातल्या एका बाळंतपणात सिझेरियन होत असे, ते प्रमाण 2014 मध्ये 52 टक्के आणि 2021 मध्ये 72 टक्के झालं. अडलेल्या बाईसाठी सिझेरियन हे जीवदानच, पण डॉक्टरच्या सोयीची तारीख धरून 39 आठवड्यांआधी पोट उघडलं तर कच्च्या फुप्फुसांचं बाळ बाहेर येतं. ते कण्हू लागतं आणि मग बापाची काचेच्या पेटीसाठी धावाधाव सुरू होते. सरकारने 137 हा क्रमांकच अतिदक्षता खाटा आणि या पेट्या शोधून देण्यासाठी ठेवला आहे. पॅरिसच्या तार्निये या डॉक्टरला 1880 च्या सुमारास अशा पेटीची कल्पना सुचली ती कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्रावरून, आणि मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवण्याची विद्या इजिप्तमध्ये तर दोन हजार वर्षांहून जुनी.

पेट्या वाढवायलाच हव्यात. पण त्याहून निकडीचं म्हणजे पोटात आणखी दोन-तीन आठवडे सुखाने राहू शकणाऱ्या बाळाला त्या पेटीत जायची वेळच येऊ नये. त्यासाठी कळा सुरू होण्याची वाट पाहणारी, रात्रभर बाळंतिणीपाशी बसणारी शिकलेली सुईण लागते. क्लो बेने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ती घडवायला घेतली होती. आज बाळंतपण डॉक्टरच्या हाती गेलं आणि ती बाजूला पडली. तिला पुन्हा प्रसूतिगृहात उभी करण्यावर इजिप्तने पैसा आणि मान दोन्ही खर्च करावेत.